पाच मिनिटांवरचे माहेर

ज्या कुणी पहिल्यांदा नकाशावर पट्टी ठेवून दोन बेटांमधले अंतर मोजले, त्याला ऑगस्ट महिन्यात ग्रीसमधल्या कासोस बेटाच्या विमानतळावर आणून बसवावे आणि मग विचारावे, की बाबा रे, सांग आता, शेजारचे कार्पाथोस किती लांब आहे. असे सेवास्तीचे स्पष्ट मत होते. हे मत ती नगरपालिकेच्या कचेरीत जन्म किंवा मृत्यू नोंदवायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवीत असे. लोकांना दाखला हवा असे, म्हणून ते माना डोलावत.

तिची तक्रार निराधार नव्हती. संगणकावर पाहावे तर दोन विमानतळांमधले अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर, उड्डाण पाच मिनिटांचे. तिकीट पाहावे तर त्यावर पंधरा मिनिटे छापलेली. त्याच तिकिटाच्या पाठीमागे, प्रवाशांनी तासभर आधी हजर राहावे अशी सूचना. वैमानिकाला विचारावे तर तो आभाळाकडे बोट दाखवी. आणि घरात विचारावे तर नवरा निकितास, जन्मभर मालवाहू जहाजांची यंत्रे सांभाळून निवृत्त झालेला, गच्चीवर जाळे विणता विणता म्हणे, "कार्पाथोस? अगं, हाक मारलीस तर ऐकू जाईल."

"मग मार ना हाक," सेवास्ती म्हणे. "मारूक्लाला सांग, तुझी बहीण वाऱ्यात अडकलीय म्हणून. माझ्यावर तर तिचा विश्वास नाही."

मारूक्ला ही तिची धाकटी बहीण. दोघींचा जन्म कार्पाथोसवरच्या मेनेटेस गावातला. थोरल्या मुलीला आजीचे नाव आणि आईचे घर मिळायचे, ही तिकडची रीत. त्याप्रमाणे सेवास्तीला दोन्ही मिळाले, आणि मग ती लग्न करून कासोसला निघून गेली. घर तिच्या नावावर राहिले आणि घरात मारूक्ला राहिली, बिनलग्नाची, आईला सांभाळत. तिने या व्यवस्थेविषयी कधी वाद घातला नाही. वर्षातून एकदा, नाताळच्या फोनवर, एकच वाक्य ती बोलायची: "घर तुझ्या नावावर, आई माझ्या अंगावर." आणि मग शुभेच्छा द्यायची.

लग्नानंतरची पहिली वर्षे सेवास्ती बोटीने माहेरी जात असे. बोट आठवड्यातून दोनदा, तीही मनात आले तर. त्यामुळे एकदा गेले की आठ दिवस राहावेच लागे. आईच्या हातचे खायचे, गल्लीतल्या बायकांची उणीदुणी ऐकायची, निघताना रडायचे. पुढे विमान नियमित झाले आणि माहेर पाच मिनिटांवर आले. आता केव्हाही जाता येणार होते. आणि जिथे केव्हाही जाता येते, तिथे माणूस केव्हाच जात नाही, हा शोध सेवास्तीला फार उशिरा लागला. आज जावे तर कचेरीत गर्दी, उद्या जावे तर मुलाची परीक्षा, परवा वारा. वारा खराच असे. पण प्रत्येक वेळी तोच होता का, हे तिला आता नीट सांगता येत नव्हते, आणि या एका प्रश्नाने तिची झोप बिघडवली होती.

कारण जूनच्या अखेरीस आई वारली. सकाळी गेली, दुसऱ्या दिवशी दुपारी पुरली. त्या दिवसांत मेल्तेमी, उन्हाळ्यातला उत्तरेचा वारा, असा सुटला होता, की कासोसच्या बंदरात बांधलेल्या होड्याही एकमेकींवर आपटत होत्या. बोट नाही, विमान नाही. कार्पाथोसची धावपट्टी लांब आणि रुंद. तिथे मोठी विमाने कशीबशी उतरत होती. कासोसची धावपट्टी म्हणजे टेबलाची कड.

मारूक्लाने दफन उरकल्यावर फोन केला. आवाज शांत होता, त्यामुळे जास्त लागला.

"अथेन्सहून मामाचा मुलगा पोचला, ताई."

"अगं, वारा..."

"हो. त्याच्या विमानालाही वाराच होता. तू पाच मिनिटांवरून नाही पोचलीस, एवढंच सांगायला फोन केला."

त्यानंतर उरला होता चाळिसावा दिवस. चाळिसाव्याचा कोलिवा, मृताच्या नावाने वाटायचे गोड गहू, थोरल्या मुलीने करायचा, तबक आपल्या हातांनी चर्चमध्ये न्यायचे, पाद्र्याने मृताचे नाव उच्चारले की पहिली मूठ आपण वाटायची. हे चुकले असते, तर मेनेटेसमध्ये त्या घराच्या उंबऱ्यावर पुन्हा कोणत्या तोंडाने उभे राहायचे, हा प्रश्न होता. घर नावावर असून उपयोग काय, उंबराच जर ओळख देईनासा झाला?

स्मृतिप्रार्थना रविवारी सकाळी होती. सेवास्तीने शनिवारचे तिकीट महिनाभर आधी काढले. शुक्रवारी गहू उकडले, पंच्यावर पसरून रात्रभर सुकवले. मनुका, तीळ, दालचिनी, अख्खे बदाम घातले. डाळिंबाचा हंगाम नव्हता. वर भाजलेल्या पिठाचा थर, त्यावर पिठीसाखर कागदाने दाबून गुळगुळीत केली, आणि चंदेरी गोळ्यांनी क्रूस काढून त्याखाली आईच्या नावाचे आद्याक्षर बसवले. दिसायला बाहेरून तो केक वाटे. आत शेवटी घुगऱ्याच. ऑगस्टच्या उकाड्यात त्या दीड दिवसाच्या वर टिकत नाहीत. पण पाच मिनिटांच्या प्रवासाला दीड दिवस पुष्कळ झाला.

निकितासने तिला छोट्या ट्रकमधून विमानतळावर सोडले. तपासणीच्या यंत्रापाशी ती म्हणाली, "तबक आडवंच जाऊ द्या हं, तिरकं झालं तर आई घसरेल." रखवालदाराने टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि तबक स्वतः दोन्ही हातांनी सरकवले.

आता, त्या विमानाची चाल अशी. ते रोडोसहून निघते, कार्पाथोसला थांबते, कासोसला थांबते, पुढे क्रीटमधल्या सितियाला जाते आणि त्याच वाटेने परत फिरते. कासोसहून कार्पाथोसला जायचे, तर शहाण्या माणसाने परतीच्या फेरीची वाट पाहावी. परंतु कासोसवर शहाणपणाची व्याख्या वाऱ्याने केलेली आहे. उतरलेले विमान सोडू नये, हा तिथला अलिखित कायदा. जाताना उतरले ते येताना उतरेलच, याची हमी कोण देणार? म्हणून मेल्तेमीच्या दिवसांत कार्पाथोसचे उतारू पहिल्याच फेरीत चढून बसतात, सितियापर्यंत उलट दिशेने जातात, आणि परतताना आपल्याच बेटाच्या डोक्यावरून कार्पाथोसला पोचतात. शेजारच्या घरी जायला मागच्या गावाला वळसा. तिकीट-खिडकीवरची मुलगी जागा असली तर हरकत घेत नाही. परके लोक हसतात. परक्यांना हसू द्यावे. त्यांना कुठे पोचायचे नसते.

सेवास्ती तबक छातीशी धरून जिना चढली आणि तिसऱ्या रांगेत थबकली. खिडकीशी, काळ्या कपड्यांत, पट्टा सोडण्याच्या बेतात मारूक्ला बसली होती.

मागून कुणीतरी "चला, चला" केले.

"तू इथं काय करतेयस?" सेवास्तीने विचारले.

"तुला न्यायला आले. रिगोपूला मावशी म्हणाली, ती काही यायची नाही, वाऱ्याचं नाव पुढे करील. म्हटलं, एकदा जाऊन बघावं तरी, हा वारा दिसतो कसा. संध्याकाळच्या परतीच्या फेरीनं तुला हाताला धरून घेऊन जाणार होते." तिने तबकाकडे पाहिले. "तू तर निघालेलीच दिसतेस."

"मग? महिनाभर आधी तिकीट काढलंय मी!"

"बरं. सरक, मला उतरू दे. परतीच्या वेळी चढू दोघी."

इथे सेवास्तीने ते केले, जे कासोसच्या कोणत्याही माणसाने केले असते. तिने बहिणीचा खांदा दाबून तिला खाली बसवले. "उतरू नकोस! उतरलेलं विमान सोडायचं नाही. परत उतरेल न उतरेल, काय भरवसा?"

"अगं, पण हे उलटीकडे जातंय!"

"जाऊ दे. जाऊन येईल. तुला इथलं काय कळतंय? बस गुपचूप."

मारूक्ला बसली. धाकट्या बहिणी एवढ्या वर्षांनंतरही अशा वेळी बसतात.

सितियाला विमान नीट उतरले. कार्पाथोसचे उतारू आत बसून राहिले. मग त्यांना बाहेर यायला सांगितले. मग पुन्हा आत. मग पुन्हा बाहेर. कार्पाथोसवर वारा मर्यादेबाहेर होता. खिडकीवरचा तरुण प्रत्येकाला निराळे उत्तर देत होता आणि प्रत्येक उत्तर नम्र होते. एकाला तो म्हणाला थोडा वेळ, दुसऱ्याला म्हणाला सांगता येत नाही, आणि सेवास्तीने आवाज चढवल्यावर म्हणाला, "बाई, अंतर काहीच नाही. पाच मिनिटांचंच उड्डाण आहे."

"मला सांगू नकोस किती मिनिटांचं आहे ते!" सेवास्ती ओरडली. "हे वाक्य जगात आता ज्यानं म्हणून मला ऐकवलं..."

"ताई, तबक," मारूक्ला म्हणाली. तबक तिरके झाले होते. क्रूसाचा एक हात निसटून आद्याक्षरावर आला होता.

अखेर संध्याकाळी वारा पडला, आणि तेव्हाच वैमानिकांचे कामाचे तास भरले. उड्डाण उद्या दुपारी. उद्या दुपारी म्हणजे प्रार्थनेनंतर. कंपनीने सगळ्यांना बंदराजवळच्या एका हॉटेलात नेऊन सोडले.

तिथे निकितासचा फोन आला. "पोचलीस का? काय सुंदर संध्याकाळ पडलीय गं इथं. समुद्र तेलासारखा. आत्ताच यानिसची होडी कार्पाथोसकडे गेली, दोन पोती कांदे घेऊन. मी म्हटलं, अरे, माझी बायको दुपारी विमानानं गेली, नाहीतर..."

सेवास्तीने फोन ठेवून दिला. पण निकितासचा आवाज जहाजाच्या यंत्रखोलीत घडलेला. मारूक्लाने शब्दन्‌शब्द ऐकला होता.

"म्हणजे मी उतरले असते," ती सावकाश म्हणाली, "तर आपण आत्ता कांद्यांबरोबर घरी पोचलो असतो."

"ते कुणाला ठाऊक होतं?"

"मी उतरत होते. तू बसवलंस."

"मारूक्ला, वारा होता! तू स्वतः पाहिलास की नाही? डोळ्यांनी?"

"पाहिला. आणि वारा पडलेलाही पाहिला. आता मला काहीच कळेनासं झालंय, ताई. इतकी वर्षं मी म्हणायचे, ती खोटं बोलते. आज बघते तर वारा खरा. आणि तरीही आपण पोचलो नाही ते वाऱ्यामुळे नाही."

इतकी वर्षे सेवास्तीने या क्षणाची वाट पाहिली होती, की मारूक्ला एकदा त्या वाऱ्यात सापडावी आणि तिच्या तोंडून चूक कबूल व्हावी. साक्षीदार मिळाला होता, आणि साक्षीने खटला अधिकच गुंतला होता. म्हणजे आईच्या वेळीही एखादी होडी गेली असती का? तिने बंदरावर जाऊन विचारले होते का? विचारले असावे. निकितासला पाठवले होते, की त्यानेच सांगितले होते की काही नाही म्हणून? तिला आठवेना.

एवढ्यात रिगोपूला मावशीचा फोन आला. तो मारूक्लाने घेतला आणि लगेच कानापासून दूर धरला.

"लाज नाही वाटत? बाईला दोन मुली, आणि दोन्ही क्रीटमध्ये! एक आणायला गेली आणि दुसरीसकट हरवली! पाद्र्याला काय सांगू? आता म्हातारपणी गहू कोण उकडणार?"

"मावशी, तू उकड ना. ताईचा कोलिवा इकडे आहे."

"उकडते! उकडते आणि म्हणते, सोफिया, तुझं नशीब बघ, मेल्यावरही माझ्याच हातचं खा!"

फोन बंद झाल्यावर दोघी एकदम हसल्या आणि एकदम थांबल्या, कारण शोकाचे कपडे अंगावर होते.

हॉटेलच्या स्वयंपाकीणबाईने तबक फ्रिजमध्ये ठेवायला जागा करून दिली. सकाळी तिनेच सांगितले, की वरच्या चर्चमध्ये आज कुणा शिक्षकाची वर्षश्राद्धाची प्रार्थना आहे, तुमच्या आईचेही नाव घालतील. दोघी चढण चढून गेल्या. तबक आळीपाळीने धरले. शिक्षकाच्या घरच्यांनी आपले तबक थोडे सरकवून जागा दिली. पाद्र्याने वाकून विचारले, "नाव?"

"सोफिया," दोघी एकाच वेळी म्हणाल्या. पाद्र्याने दोघींकडे पाहिले आणि एकच सोफिया लिहून घेतली.

प्रार्थनेनंतर अंगणात अनोळखी माणसे ओंजळीत कोलिवा घेऊन "देव तिला क्षमा करो" म्हणत होती. तळाशी गव्हाने आंबूस वास धरला होता. कुणी तोंड वाकडे केले नाही. मारूक्लाने एक घास घेतला, चावला, आणि थांबली.

"बदाम अख्खे का घातलेस?"

"आई अख्खेच घालायची."

"आई कुटून घालायची. पूड करून."

"काहीतरीच काय बोलतेस? मी लहानपणापासून तिच्या शेजारी बसून सोललेत बदाम. अख्खे!"

"दात होते तेव्हा," मारूक्ला म्हणाली.

सेवास्तीच्या हातातली मूठ तशीच राहिली. आईला दात नव्हते? कधीपासून? शेवटच्या भेटीत ती हसली होती का? हाताने तोंड झाकत होती खरी. लाजते आहे, असे वाटले होते. तिच्या डोक्यातली आई अख्खे बदाम खाणारी होती, आणि मारूक्लाच्या डोक्यातली आई ताकात पाव भिजवणारी. आणि पाद्र्याने नाव मात्र एकीचेच घेतले होते. कोणत्या बाईसाठी आपण हे तबक कालपासून उराशी धरून फिरवले, हे तिला क्षणभर उमगेना.

"किती वर्षं झाली?" तिने विचारले.

"दातांना? सहा असतील. कवळी आणली होती, पण ती बशीतच असायची."

"तू कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. म्हणायचीस, आई कशी आहे? मी म्हणायचे, बरी आहे. बरीच होती."

"तू यायचंस. येऊन सांगायचंस," सेवास्ती चिडून म्हणाली. चिडायला काहीतरी सापडले, याचे तिला बरे वाटले, आणि बोलता बोलता आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आले. "मारूक्ला, तू माझ्याकडे कितीदा आलीस गं?"

मारूक्लाने हातावरची साखर झटकली. "आईला टाकून कशी येणार?"

"मावशी होती की शेजारी. एका दिवसापुरती."

"होती."

"मग?"

"मग काय? जवळच तर आहे, म्हटलं, जाऊ कधीतरी." ती दूर पाहू लागली. "लग्नाला आले होते, त्यानंतर नाही. कालही आले असते, पण तू उतरू दिलं नाहीस."

इतकी वर्षे दोष एकट्या सेवास्तीच्या पदरात होता; त्याचे ओझे इतके सवयीचे झाले होते, की समुद्राला दोन काठ असतात आणि विमान दोन्हीकडून सुटते, हे तिने कधी मोजलेच नव्हते. बहिणीनेही नाही. या शोधाने मोकळे वाटायला हवे होते. वाटले नाही. फक्त तक्रार आता नेमकी कुणाविरुद्ध करायची, ते कळेनासे झाले.

दुपारचे विमान वेळेवर निघाले. आभाळ निवळलेले, समुद्र खाली ताणलेल्या चादरीसारखा. जरा वेळाने ते कासोसला उतरले. हवाईसुंदरीने सांगितले, की कार्पाथोसच्या प्रवाशांनी बसून राहावे.

मारूक्लाने पट्टा सोडला. रिकामे तबक काखेत मारले आणि उभी राहिली.

"कुठं?" सेवास्तीने विचारले.

"उतरते."

"अगं, आपली तिकिटं कार्पाथोसची आहेत. घरी मावशी वाट बघतेय. लोक येऊन गेले असतील, त्यांना तोंड दाखवायला हवं. कबरीवर जायचंय मला. आणि उतरलेलं विमान..."

"तेवढं नको बोलूस."

हवाईसुंदरी जवळ आली. "बाई, तुमचा मुक्काम पुढचा. पुढचंच. आता पाच..."

"माहीत आहे," दोघी म्हणाल्या.

मारूक्ला वाटेतच उभी होती. मागे दोन पर्यटक आणि कोंबड्यांचे खाद्य घेतलेला एक म्हातारा खोळंबला होता. म्हातारा ओरडला, "अहो, उतरणार असाल तर उतरा, नाहीतर बसा. असं मध्ये काय करताय?"

माहेरी निघालेली सेवास्ती होती, आणि माहेरचे माणूस तिच्या गावात उतरत होते. पुढे गेले तर आईची कबर आणि आपल्याच नावावरचे घर, ज्यात ती पाहुणी. इथे उतरले तर बहीण पाहुणी, आणि घरात काल सकाळपासून केर काढलेला नाही. निकितासने भांडी तशीच ठेवली असणार. कोणते जाणे आणि कोणते येणे, हे नगरपालिकेतल्या कोणत्याही रकान्यात बसले नसते.

"आणि उद्या वारा सुटला तर?" तिने विचारले. "तू अडकशील इथं. आठ-आठ दिवस."

"मग अडकेन," मारूक्ला म्हणाली. "उठतेस का, की मी एकटीच विचारत विचारत जाऊ?"

म्हाताऱ्याने खाद्याचे पोते एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतले. सेवास्तीने पट्ट्याची कडी दोनदा उलट्या बाजूने ओढली. तिसऱ्यांदा ती सुटली.